नाव नामंजूर

मायाच्या सायकलशाळेला नाव नव्हतं आणि नावावाचून तिचं काही अडलेलंही नव्हतं, हे आधीच सांगून टाकतो. नागपूरच्या कडेला बेसा आहे, त्याच्या मागच्या अंगाला एक ले-आऊट आहे. रस्ते आखलेले, विजेचे खांब रोवलेले, घरं मात्र मोजून तीन. तिथे रोज सकाळी सहा ते आठ माझी बायको बायांना सायकल शिकवते. बाया म्हणजे पोरी नव्हेत. चाळिशीच्या, पन्नाशीच्या, काही तर साठीच्या. लहानपणी भावाच्या सायकलला हात लावला म्हणून मार खाल्लेल्या. पार हुडकेश्वरहून येतात. वाटेत कुणी "कुठं चालली वं?" विचारलं की "मायाताईकडे" म्हणतात. एवढं नाव पुरत होतं.

गाडी अडली ती मिहान या कारखान्यांच्या वसाहतीतल्या एका कंपनीमुळे. गेटपासून कारखान्यापर्यंत लांब चालावं लागतं, म्हणून या कंपनीनं सत्तर सायकली विकत घेतल्या. सायकली आल्यावर साहेब लोकांच्या लक्षात आलं, की कामावरच्या निम्म्या बायांना सायकल येतच नाही. सायकली प्लास्टिकात गुंडाळलेल्या तशाच उभ्या. मग तिथल्या सुरुची मॅडम आमच्या ले-आऊटवर आल्या, तासभर उभ्या राहून बघितलं आणि मायाला म्हणाल्या, "तीन महिन्यांचं काम आहे. तुमच्या चार-पाच बायका शिकवायला घेऊन या. फक्त वर्क ऑर्डर एकट्या व्यक्तीच्या नावानं निघत नाही. रजिस्टर्ड संस्था हवी. निदान नाव मंजूर झाल्याचं पत्र वीस मार्चपर्यंत द्या, बाकीचे कागद मागून चालतील. नाही तर काम बाहेरच्या एजन्सीला जाईल, मग माझ्या हातात काही राहणार नाही."

माया घरी आली ती पंखा न लावता तशीच बसून राहिली. शिकवायला नेण्यासाठी पाच बायांची नावं तिनं वाटेतच ठरवली होती. त्यातल्या दोघींनी तर आयुष्यात स्वतःच्या नावानं कधी काही कमावलं नव्हतं. "होईल नं हो?" एवढंच तिनं विचारलं.

आता, ज्या माणसानं एकतीस वर्षं सरकारी टेबलामागे बसून लोकांच्या अर्जांतल्या त्रुटी काढल्या, त्याला हा प्रश्न विचारणं म्हणजे पोहणाऱ्याला बादलीची भीती घालणं. मी चष्मा पुसला. निवृत्त झाल्यापासून घरात माझ्याकडे दूध आणि धने-जिरे एवढीच खाती होती. "तू काळजी करू नको," मी म्हणालो. "कागदाचं काम आहे. कागद म्हणजे प्रेमानंद नगरारे."

आमच्याच गल्लीत गार्गी नावाची मुलगी राहते. कंपन्यांची कायदेशीर कागदपत्रं करून देते. वय सव्वीस, बोलणं हळू, आणि समोरच्याचं वय कितीही असो, समजावताना ती चौथीतल्या मुलाला समजावल्यासारखं समजावते. ती म्हणाली, "काका, एलएलपी करू. भागीदारीचाच प्रकार आहे. दोन भागीदार लागतील."

मी सदऱ्याची कॉलर नीट केली.

"मी आणि जयवंताबाई," माया म्हणाली.

जयवंताबाई म्हणजे आमचे शेजारी चंपतराव भोयर यांची बायको. मायाची सगळ्यात पहिली विद्यार्थिनी. वय अठ्ठावन्न. आठ महिने शिकत होती आणि मागून कुणी कॅरिअर धरलं नाही तर दहा फूटही जात नव्हती. सायकलशाळेची भागीदार, जिला सायकल येत नाही! मला येते, हे इथे नमूद करून ठेवतो.

"मी काहून नाही?" मी विचारलं.

"तुम्ही सही कराच्या आधी कागद तीनदा वाचता," माया म्हणाली. "जयवंताबाई डोळे मिटून करते. आपल्याजवळ टाइम कमी आहे."

अपमान गिळून मी नावाच्या विषयाकडे वळलो. मायाचं ठरलेलं होतं. "तोल," ती म्हणाली. "सायकलीत दुसरं असते काय? तोल आला का सगळं आलं." नाव चांगलं होतं, पण मला ते जरा अंगावर कपडे कमी असल्यासारखं वाटलं. संस्थेच्या नावाला कसं वजन पाहिजे. मी माझं नाव लिहून आणलं होतं: 'राष्ट्रीय महिला द्विचक्री प्रशिक्षण व सक्षमीकरण प्रतिष्ठान'. गार्गीनं ते वाचलं आणि वाचता वाचता मध्ये एकदा श्वास घेतला. "काका, एका वेळी दोन नावं टाकता येतात. दोन्ही टाकू. दोन्ही नामंजूर झाली, तर आणखी दोन द्यायची एक संधी मिळते. मग परत पहिल्यापासून अर्ज."

"अर्ज कोणत्या टेबलावर जाते?" मी विचारलं. "म्हणजे आपण जाऊन भेटलो असतो."

"टेबल नाही काका. पोर्टल आहे."

बिनटेबलाचं सरकार माझ्या कल्पनेबाहेरचं होतं. रजिस्टर नाही, शिपाई नाही, 'साहेब जेवायला गेले' नाही. भांडायचं तरी कुणाशी?

आठवड्यानं उत्तर आलं. दोन्ही नामंजूर. 'राष्ट्रीय' या शब्दामुळे संस्था सरकारी असल्याचा समज होतो, असं माझ्या नावाबद्दल म्हटलं होतं. ही टीका मी मनातल्या मनात प्रशस्तिपत्रक म्हणून लावून घेतली. पण 'तोल'चं कारण वाचून माझं डोकं तडकलं. नावं इंग्रजी अक्षरांत भरायची असतात. रस्त्यांवर टोल वसूल करणाऱ्या कुठल्याशा संस्थेच्या नावाशी आमचं 'TOL' मिळतंजुळतं होतं, सबब लोकांची दिशाभूल होण्याची शक्यता.

"टोलनाका कुठं, सायकलशाळा कुठं!" मी गार्गीसमोर टेबलावर हात आपटला. "कोणता येडा या दोघांत गोंधळ करीन?"

इथे माझ्याकडून झालेली एक लहानशी घाई सांगितली पाहिजे. नाव मंजूर होणारच, या खात्रीनं मी फ्लेक्स करून आणला होता. वरती भलंमोठं 'TOL', खाली बारीक अक्षरांत 'महिला सायकल प्रशिक्षण'. पडून वाया जाईल, म्हणून मी तो दुसऱ्या दिवशी ले-आऊटच्या तोंडाशी बांधला. शिकवणी चालू असताना गाड्या आत येऊ नयेत म्हणून तिथे रस्त्यावर आडवा बांबू असतो. फ्लेक्सची खालची ओळ नेमकी बांबूमागे गेली. बाया नारिंगी जाकिटं घालून उभ्या, ती मायाची सुरक्षेची शिस्त. आणि बांबूजवळ टेबल-खुर्ची टाकून, समोर हजेरीचं रजिस्टर घेऊन, मी.

साडेसहाला विटांचा एक ट्रॅक्टर थांबला. ड्रायव्हरनं काही न विचारता माझ्यापुढे नोट धरली आणि म्हणाला, "पावती द्या." मी त्याला परतवला. पाठोपाठ एक भंगारवाला आला. त्याला मराठी वाचता येत होतं, शेजारच्या भिंतीवर मी खडूनं 'तोल' लिहिलं होतं, ते वाचून तो एक पोतं उचलून टेबलावर ठेवत म्हणाला, "भाऊ, एवढं तोलून द्या."

हे तरी खपलं असतं. साडेसातला दोन गाड्या आल्या आणि त्यांतून दहा-बाराजण उतरले. पुढे एक गॉगलवाला दादा. "अवैध टोल, बंद करा! बंद करा!" सुरू झालं.

दादा माझ्या टेबलाशी आला. "कोणाच्या आदेशानं टोल घेऊन राहिले?"

"भाऊ, हा टोल नाही," मी म्हणालो. "हा तोल आहे."

"तेच तं म्हणून राहिलो मी!"

"तो-ल. तोल सांभाळणं. सायकलचा."

"म्हणजे सायकलवाल्यायलेही सोडून नाही राहिले तुम्ही?" दादाचा आवाज संतापानं चढला. मागचे लोक आणखी जोरात ओरडायला लागले. तेवढ्यात घोषणांनी दचकलेली एक बाई सायकलसकट त्यांच्या दिशेनं आली, ब्रेक कुठला ते विसरली, आणि आंदोलन दोन भागांत फाकलं. मग मायानं सगळ्यांना समजावून सांगितलं. दादाला पटलं. पण बारा माणसं उठवून आणलेली, रिकाम्या हातानं कसं जायचं? त्यानं विनंती केली, मायानं मान हलवली, आणि फ्लेक्स काढतानाचा फोटो काढून ते लोक निघून गेले. दुपारपर्यंत तो बेसातल्या सगळ्या ग्रुपांवर फिरला: 'जनतेच्या दणक्यानं अवैध टोलनाका हटवला. एक संशयित वृद्ध पसार.'

मी पसार झालो नव्हतो. मी लोकांसाठी पाणी आणायला गेलो होतो. आणि वृद्ध? मी साठ वर्षांचा आहे!

पोर्टलचं म्हणणं बरोबर होतं, हे मान्य करायला मला दोन दिवस लागले.

आता राहिली दुसरी संधी. चंपतराव भोयर रोज संध्याकाळी आमच्या अंगणात येऊन बसू लागले. शेती मुलाकडे सोपवून ते इथे राहायला आले आहेत. त्यामुळे त्यांच्याकडे वेळ आणि मतं दोन्ही भरपूर. "काय गा नगरारे," ते म्हणाले, "नाव चुकलं नाही, अक्षरं चुकली. माह्या साडभावाच्या दुकानाच्या नावात एक 'ए' वाढवला तं धंदा कुठल्या कुठं गेला."

"कुठं गेला?"

"वर्ध्याले गेला. पण चालून राहिला नं!"

त्यांचा आग्रह 'जयमाया'चा होता. जयवंता आणि माया, दोघींची नावं एकत्र. मला ते लग्नाच्या हॉलसारखं वाटलं. मी माझ्याकडून 'मज्झिमा' सुचवलं. पालीतला शब्द. मधला मार्ग. ना डावीकडे झुकणं, ना उजवीकडे. सायकलीला याहून नेमकं काय असणार? आमच्या घरी लहानपणापासून कानावर पडलेला शब्द आहे, आणि खरं सांगतो, तो सुचला तेव्हा मला मनापासून भरून आलं. मायालाही आवडला. फक्त ती म्हणाली, "बायायले बोलता येईल का?" जयवंताबाईंनी बोलून पाहिला. पहिल्यांदा 'मजमा' आला, दुसऱ्यांदा 'मज्जा मा'.

तरी दोन्ही टाकली. बारा मार्चला उत्तर. गार्गी स्वतः घरी आली. तिचा चेहरा बघूनच मी ओळखलं. हाच चेहरा मी एकतीस वर्षं लोकांपुढे धरत आलो होतो.

"काका, 'जयमाया' नावाचं खरंच एक लग्नाचं सभागृह आहे. कंपनी आहे त्यांची."

"आणि मज्झिमा?"

"'माझी माँ फूड्स'. लोणची करतात. उच्चार जवळचा वाटला त्यांना."

अडीच हजार वर्षांचा शब्द लोणच्यापाशी अडला. मायानं फोन उचलला आणि आतल्या खोलीत गेली. दार ओढून घेतलं तरी आवाज येत होता. ती त्या पाच बायांपैकी एकेकीला सांगत होती, "पक्कं नको समजू वं. होईल तं सांगतो." पाचव्या फोनला तिचा आवाज बसला. मी ओट्यावर बसून राहिलो. अर्ज परत मिळालेला माणूस घरी जाऊन नेमकं काय करतो, याचा विचार मी नोकरीत कधी केला नव्हता. तो ओट्यावर बसतो.

नवा अर्ज करायचा म्हणजे पुन्हा पहिल्यापासून, आणि हातात आठ दिवस. चार दिवस गार्गीनं रोज वीस-वीस नावं शोधून पाहिली. झेप, भरारी, गती, प्रगती, पंख. देशात एकही चांगला शब्द कुणी मोकळा ठेवलेला नाही.

सोळा मार्चला सकाळी गार्गी कागदांवर सह्या घ्यायला ले-आऊटवरच आली. माया तिच्याशी बोलत होती, म्हणून जयवंताबाईंची सायकल धरायचं काम माझ्याकडे आलं. "मागून मी धरतो, तुम्ही समोर बघा," असं म्हणून मी कॅरिअर पकडलं. पण त्यांच्या डोक्यात मागे मायाच होती.

"सोडू नको वं!" सुरुवातीलाच त्या ओरडल्या.

ही आरोळी आमच्याकडे प्रत्येक बाई ठोकते. शिकणारी कुठल्याही जातीची, वयाची, वजनाची असो, पायडल मारताक्षणी तिच्या तोंडून हेच निघतं. मी धावायला लागलो. जयवंताबाई पायडल मारायला लागल्या. "सोडू नको वं माया! सोडू नको वं!" पहिल्या खांबापर्यंत मी टिकलो. दुसऱ्या खांबाला छातीत भाता चालू झाला. तिसऱ्याला माझा हात सुटला. शिकवण्याची पद्धत म्हणून नव्हे, दम संपला म्हणून.

सायकल पडली नाही. जयवंताबाई सरळ गेल्या, वळणावर वळल्या, तीन घरांपैकी दुसऱ्या घराला वळसा घातला, आणि एवढा वेळ त्यांचं चालूच होतं, "धरली आहे नं वं? सोडू नको वं!" सगळ्या बाया जागच्या जागी उभ्या. समोरून येताना त्यांना मी दिसलो, गुडघ्यांवर हात टेकून, तोंड उघडं. मग त्यांनी मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

"माय वं!" म्हणत त्या उतरल्या, म्हणजे सायकल एकीकडे आणि त्या एकीकडे. पण उभ्या होत्या. मग बायांनी जो गलका केला, तो थेट हुडकेश्वरला ऐकू गेला असेल. जयवंताबाई रडत होत्या, हसत होत्या आणि माझ्यावर चिडतही होत्या. "सोडू नको म्हटलं होतं नं तुमाले!"

"तुम्ही मला 'वं' म्हणत होत्या," मी दम गोळा करत म्हणालो. पुरुषाला 'गा' म्हणतात, ही नोंद कुणीतरी घेणं आवश्यक होतं. कुणी घेतली नाही.

गार्गी बाजूला मोबाइलवर काहीतरी टाइप करत होती. हसता हसता तिनं मान वर केली. "काकू, अख्ख्या भारतात एक पण नाही."

"काय नाही?"

"'सोडू नको वं'. कुणाचंच नाही."

मायानं मोबाइलमध्ये डोकावून पाहिलं. मग म्हणाली, "हेच."

"हे काय नाव आहे?" मी म्हणालो. "लेटरहेडवर कसं दिसेल? मोठे लोक वाचतील!"

"वाचू द्या. जे बाई इथं येते ते पहिले हेच बोलते," माया म्हणाली. "आपल्याले दुसरं काय करा लागते? सोडाचं नाही तिले, तोवर सोडाचं नाही."

चंपतरावांनी एक जादा 'ए' सुचवला. तो सर्वानुमते फेटाळण्यात आला.

संध्याकाळी गार्गी अर्ज भरायला बसली आणि एका रकान्यापाशी अडली. नावाचा अर्थ आणि महत्त्व लिहा. ती विचार करत राहिली. मी खुर्ची पुढे ओढली.

"लिही," मी म्हणालो, आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदा कुणाचा तरी अर्ज मंजूर व्हावा म्हणून मजकूर सांगायला लागलो. "सदर नाव हे नागपूर परिसरातील बोलीतील असून, 'वं' हे स्त्रीस आपुलकीने मारावयाच्या हाकेचे संबोधन होय. सायकल शिकणारी महिला आपल्या प्रशिक्षिकेस उद्देशून सदर उद्गार काढीत असल्याने, प्रस्तुत संस्थेच्या कार्याशी नावाचा थेट संबंध आहे. सदर नावाने कोणाचीही दिशाभूल होण्याचा संभव नाही. सबब, मंजुरीस हरकत नसावी."

गार्गीनं ते इंग्रजीत उतरवलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "काका, मस्त." मायानं माझ्यापुढे चहा ठेवला, आणि सोबत चिवडा. चिवडा सहसा पाहुण्यांना मिळतो.

सतरा गेली, अठरा गेली. एकोणीसला दुपारी गार्गीचा फोन आला. माया फोन उचलेना. ती स्वयंपाकघरात उभी राहून म्हणाली, "तुम्ही ऐका." मी ऐकलं. मला नीट ऐकू आलं नाही म्हणून परत सांगायला लावलं. मग मी फोन मायाच्या कानाला लावला, कारण एक शब्द मला स्वतःच्या तोंडानं बोलायची हिंमत होत नव्हती. मंजूर.

माया तिथेच, ओट्याला टेकून, खाली बसली. दहा मिनिटं ती बसली होती. मीही तिच्या शेजारी फरशीवर बसलो. गुडघे दुखले, पण उठावंसं वाटलं नाही. मग तिनं पाच फोन केले.

एप्रिलच्या पहिल्या सोमवारी आम्ही मिहानला गेलो. माया, जयवंताबाई, पाच बाया, आणि फाईल सांभाळायला मी. गेटवर चौकीदार रजिस्टर घेऊन बसला होता.

"कोणाकडून आले?"

"सोडू नको वं," जयवंताबाई अभिमानानं म्हणाल्या.

"नाही सोडत. पण नाव तं सांगा."

"तेच तं सांगितलं. सोडू नको वं."

त्यानं आम्हा सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि आत फोन लावला. सुरुची मॅडम जागेवर नव्हत्या. "सर, गेटवर सात बाया आन् एक काका आहेत. विचारलं तं म्हणतात, सोडू नको." पलीकडचं ऐकून त्यानं फोन ठेवला. "साहेब म्हणाले, मग नका सोडू."

बाया माझ्याकडे बघायला लागल्या. मी फाईल उघडली. मंजुरीचं पत्र काढलं, पाठोपाठ वर्क ऑर्डर, दोन्ही त्याच्यापुढे ठेवून नावाखाली बोट टेकवलं. त्यानं एकेक अक्षर लावत वाचलं. पुन्हा वाचलं. आणि मग तो असा हसायला लागला, की त्याला टेबल धरावं लागलं. "काय नाव आहे काका! माही बायको येऊ शकते का शिकायले?"

"रविवारी," माया म्हणाली. "बेसाले."

त्यानं डोळे पुसत रजिस्टरमध्ये नाव लिहिलं, दांडा वर केला आणि आतल्या दुसऱ्या गेटला वॉकीटॉकीवरून सांगितलं, "सोडू नको वं आली आहे. सोडून दे!"